तालीम केलेला शोध

माझी धाकटी जाऊ तोंडाळ आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. तोंडाळ बाई नको तिथे बोलते. ही हवं तिथेच बोलते, आणि लोकांना तेच झोंबतं.

शिक्षकांना तास आखायला मदत करायची, हे तिचं काम. वर्षावर्षाच्या करारावर ती शाळा फिरायची. एखादी शिक्षिका आखणी घेऊन आली, की ही तिला मुलांच्या बुटक्या बाकावर बसवायची आणि विचारायची, "पहिली दहा मिनिटं मुलं काय करतायत?"

"ऐकतायत, मॅडम."

"ऐकून ऐकून कान किटले त्यांचे. हातांनी काय करतायत? आपसात काय बोलतायत? आणि चुकणार कुठे?"

चुकायला जागाच नसेल, तर आखणी परत. 'आधुनिक कौशल्यं' म्हणून परिपत्रकांत नुसता घोष चालतो. अडल्यावर हातपाय हलवता येणं म्हणजे कौशल्य, असं ही सरळ सांगायची. मागून तिला 'चूक-मॅडम' म्हणायचे. कळलं तेव्हा खूश झाली.

यंदा तिचा करार एका तासावर येऊन ठेपला होता. शिक्षणसंस्थेचे संचालक स्वतः तास बघणार, पटलं तर पुढे, नाहीतर घरी. दिरांचं दुकान बसलेलं, म्हणजे घर तिच्याच पगारावर चालत होतं.

तास तिने एका नव्या शिक्षिकेबरोबर आखला होता. दोन पुस्तकांच्या मध्ये एका कागदाचा पूल करायचा आणि त्यावर खडू ठेवायचे. कागद वाकतो, खडू पडतात, मुलं भांडतात, मग कुणाला तरी कागदाला घड्या घालायचं सुचतं. निदान सुचावं. मी मागच्या खुर्चीवर होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, म्हणून मुख्याध्यापकांनी शोभेला बोलावलं होतं.

शिक्षिकेने तोंड उघडलं, "मुलांनो, या दोन पुस्तकांच्या..." तेवढ्यात सगळ्या गटांचे पूल तयार! पंख्यासारख्या घड्या, सगळ्यांच्या एकसारख्या. एक खडू पडला नाही. पुढची मुलगी उठून खणखणीत म्हणाली, "आम्ही आमच्या चुकांमधून शिकलो!"

कुठल्या चुका? झाल्या कधी?

मुख्याध्यापक गालात हसत होते. जावेची नोकरी टिकावी म्हणून त्या भल्या माणसाने आठवडाभर वर्गाकडून तालीम करून घेतली होती. संचालक मान डोलावत होते. "वा! याला म्हणतात मुलांनी स्वतः शिकणं."

गप्प बसली असती, तर करार खिशात होता. ती उठली.

"साहेब, हे नाटक आहे. छान बसलंय. पण तास अजून झालेला नाही."

"मॅडम, अहो..." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला.

"सर, माझ्यासाठीच केलंत, कळतंय मला. पण मुलांच्या वाटणीचं काम तुम्ही करून टाकलंत." मग शिक्षिकेकडे वळून, "बाई, पूल तोच. फक्त घड्या घालायच्या नाहीत, असं सांगा."

एका मुलाने भीत भीत विचारलं, "बाई, याचं उत्तर कुठलं पाठ करायचं?"

शिक्षिकेने जावेकडे बघितलं. जाऊ खिडकीबाहेर बघत राहिली. मुद्दाम. शेवटी ती नवी शिक्षिकाच घाम पुसत म्हणाली, "मला माहीत नाही. करून बघू या."

मग काय विचारता! कुणी कागदाची नळी केली, कुणी फाडून पट्ट्या केल्या. "नळी म्हणजे घडीच!" "हट्, घडीला धार असते!" खडू धडाधड खाली. एक तर संचालकांच्या बुटावर.

"हा गोंधळ आहे," ते म्हणाले.

"हो. तास आत्ता सुरू झालाय."

"मला चार लोकांना दाखवता येतील असे तास हवेत."

"तसले मी आखत नाही."

झालं. करार संपला.

घरी दीर भडकले. "तोंड आवरता येत नव्हतं? वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"काय सांगू, भाऊजी? खोट्याला टाळ्या वाजव म्हणून?"

जाऊ रडली नाही असं नाही. रडली, नाक शिंकरलं आणि पोटभर जेवली.

रविवारी ती नवी शिक्षिका दारात हजर. मागे आणखी दोघी. "मॅडम, पुढच्या तासाचीही तालीम घ्या म्हणाले सर. मी चक्क नाही म्हणाले. पण आता आखू कसा? तुम्ही तर शाळेत नाही..."

"पगार बंद झालाय माझा. डोकं चालू आहे. या आत."

बैठकीत दीर पाय पसरून टीव्ही बघत होते. मी टीव्ही बंद केला.

"वहिनी, अहो सामना ऐन रंगात आलाय!"

"असू दे. उठा, खुर्च्या लागणार आहेत. आणि इथे आरडाओरडा होईल, तर आधीच सांगून ठेवते, कुणाला गप्प करायला यायचं नाही."