जन्मताना दात नव्हते

गावाचं नाव सांगत नाही. कर्जत तालुक्यातलं, सीनेपासून दोन कोसांवरचं, एवढं पुरे. लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर म्हणून मी तिथे बेचाळीस ते सत्तेचाळीस अशी पाच वर्षं काढली. त्या गावात कडूबाई नावाची सुईण होती. तिच्याविषयी सांगायचं म्हणजे गावाविषयी सांगावं लागतं, आणि गावाविषयी सांगताना मला आजही तोंडात आंबूस पाणी येतं.

आधीची चार भावंडं पाळण्यात गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू मरणही तोंडात घेत नाही, अशी त्यांची समजूत. ती जगली, साठी ओलांडून गेली. राहायला मांगवाड्यात. गावातलं निम्मं माणूस तिच्या हातांवर या जगात आलेलं. बाळंतिणीच्या कळा सुरू झाल्या की तिला पळत बोलवायला जात. ती मागच्या दाराने आत शिरायची, बाईला सोडवायची, नाळ कापायची, खोली धुऊन काढायची. ती बाहेर पडली की ती बसलेल्या जागेवर गोमूत्र शिंपडत. बाळ रडत असतानाच. मीही तिला अगंतुगं करायचो. ती माझ्याहून तीस वर्षांनी मोठी होती.

चव्वेचाळीसच्या पौषात एका सकाळी श्रीमंत म्हस्केच्या घरातून ओरडा ऐकू आला. श्रीमंत म्हणजे चार बैलांचा शेतकरी, गावात वजन असलेला. त्याचा एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ, सगळे गोरख म्हणायचे. चोविशीचा, खांद्याने रुंद, कमी बोलणारा. त्याची बायको रतन आठ महिन्यांची गरोदर होती. गोरख रानातून आला, भाकरी अजून तव्यावर होती. एवढंच कारण. त्याने कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

शेजारच्या बायांनी कडूबाईला बोलावलं. रतनला कळा लागल्या होत्या, पण तिला त्या कळत नव्हत्या. डोक्याची एक बाजू आत गेली होती. कडूबाईने पोट चोळून, ओढून, जमेल तसं मूल बाहेर काढलं. मुलगी होती, जिवंत होती. दुपार व्हायच्या आत रतन गेली.

त्या सगळ्या वेळात श्रीमंत ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. गोरख गोठ्यात बैलाच्या मानेला टेकून उभा होता, पळून गेला नाही. कडूबाई हात धुवायला बाहेर आली तेव्हा श्रीमंत म्हणाला, "कडे, पोर कशी हाय?"

"जित्ती हाय, मालक. पोरगी."

"ऱ्हाऊ दे तशीच. बघू नकोस तिच्याकडं फार. कुनाचं बीज हाय ते ठावं हाय न्हवं तुला?"

कडूबाईला क्षणभर कळलं नाही. पोर मरू द्यावी असं तो सुचवतोय हे कळलं, तेव्हा तिने हात धुणं तसंच सोडलं, आत गेली, नाळेची गाठ पुन्हा एकदा आवळून बघितली आणि मुलीला स्वतःच्या पदरात बांधून घेतलं.

तिसऱ्या प्रहरी कर्जतहून फौजदार घोड्यावर आले. पंचनामा लिहायला गावात हात माझाच. चावडीपुढे घोंगडी टाकली. गावचे पाटील आप्पासाहेब बसले, पंचांग सांगणारे विष्णुपंत जोशी बसले, श्रीमंतही बसला. फौजदारांनी विचारलं, "हा मुलगा कसा?"

लोक जणू या प्रश्नाची वाटच बघत होते. "जन्माचाच खुनशी." "मूळ नक्षत्रावरचा." "दात घिऊनच आलेला पोटातनं." विष्णुपंतांनी शांतपणे सांगितलं, "मी जन्माच्या दिवशीच बजावलं होतं. मूळ नक्षत्राचा पहिला चरण. असं मूल घरात विस्तवासारखं."

श्रीमंत नुसती मान डोलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं. मी लिहिलं: 'सदर गोरक्षनाथ हा जन्मापासून क्रूर व खुनशी प्रवृत्तीचा असून...' अक्षर वळणदार आलं. फौजदारांनी कौतुकही केलं.

कडूबाई चावडीच्या भिंतीपलीकडे, तिला चालतं तेवढ्या अंतरावर, मुलीला घेऊन उभी होती. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मास्तर, काय लिवलं ते वाचून दावा."

मी वाचलं. ती ऐकत राहिली, मग बाजूला थुंकली.

"दात कुनी पाह्यले? त्याचं तोंड पयलं म्या पाह्यलं. ह्या बोटानं घशातला चिकटा काढला. हिरड्या हुत्या, मऊ. बाकीच्या पोरांवानी. मला कुनी का इचारलं न्हाई?"

"तू तेव्हा बोलायला हवं होतंस," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की माझी मलाच किळस येते.

"मांगाच्या बाईनं फौजदारापुढं बोलायचं? आन् तुमी लिवलं असतं?"

मी कागदाची घडी घातली. मग शाळेच्या मागच्या चिंचेखाली बसून तिने मला सगळं सांगितलं. ती मध्येमध्ये वाटीतलं शेळीचं दूध कापसाच्या वातीने मुलीच्या तोंडात सोडत होती.

गोरख जन्मला त्या दिवशी विष्णुपंतांनी पंचांग बघून श्रीमंतला सांगितलं, की हा मुलगा बापाच्या जिवावर उठेल. सत्तावीस दिवस तोंड बघू नको, शांती कर, मग तेलातल्या प्रतिबिंबात बघ. श्रीमंतने शांती केली, तेलात बघितलं. पुढच्याच महिन्यात तो ज्वारीच्या राखणीच्या माळ्यावरून पडला आणि पाय मोडला. माळ्याचा खांब किडलेला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून त्याने मुलाला नावाने हाक मारली नाही. 'विस्तव' म्हणायचा.

गोरख पाच वर्षांचा असताना आई छबूबाई पटकीच्या साथीत गेली. त्या साली गावात अठरा माणसं पटकीने गेली होती. बाकी सतरांना पटकीने नेलं, छबूबाईला मात्र मुलाने खाल्लं. तेराव्याला जेवायला आलेल्या बायाच तसं बोलल्या, त्याच्या ताटासमोर.

"मग चालूच झालं," कडूबाई म्हणाली. "पोर रडलं की बाप पोटावर डागायचा. अंगातलं मूळ जळतंय म्हनं. उलथनं लाल करायचा न्हाई तर विळा. एकदा दोर बांधून हिरीत सोडलं, दिसभर. वर काढलं तर पोराला बोलताच येईना. हिरीवर बाया पानी भरत हुत्या, मास्तर. त्याच्या बाजूनं घागरी सोडत हुत्या."

"कुणी काही म्हटलं नाही?"

"म्हनत हुत्या की. 'लई कडक हाय बाई श्रीमंतआन्ना, पन पोरगंच तसलं.' "

मुलगा सात-आठ वर्षांचा असताना मांगवाड्याकडे यायला लागला. कडूबाईच्या दाराशी बसायचा. तिने एकदा भाकरी दिली, ती त्याने हातात धरून हळूहळू खाल्ली, तुकडा खाली पडू न देता. मग रोज यायचा. तिची शेळी व्यायली तेव्हा तो करडाला मांडीवर घेऊन झोपून गेला होता. श्रीमंतला कळलं. त्याने मांगवाड्यात येऊन आधी मुलाला झोडपलं, मग कडूबाईच्या नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला.

"म्या त्याला हाकललं," ती म्हणाली. "दगड उचलला. मारला न्हाई, पन उचलला. 'परत आलास तर टाळकं फोडीन' म्हन्ले. तो उभा ऱ्हायला, माझ्या हाताकडं बघत. मग गेला. पुन्यांदा आला न्हाई."

पुढचं थोडं मलाही ऐकून माहीत होतं. चौदाव्या वर्षी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, तेव्हा गोरखने शेजाऱ्याच्या गड्याचा हात काठीने मोडला. गावाने आरडाओरडा केला. पण त्या दिवशी श्रीमंतने मुलाला पहिल्यांदा स्वतःच्या शेजारी जेवायला बसवलं, त्याच्या भाकरीवर स्वतः तूप वाढलं. त्यानंतर गावात कुणाला धमकवायचं असलं की श्रीमंत गोरखला पाठवायचा. आप्पासाहेबांनीही दोनदा त्याला मागून नेलं होतं. विस्तव कामाला येत होता तोवर कुणाला पंचांग आठवलं नाही.

"म्हंजे त्याची चूक नाही म्हणतेस?" मी विचारलं.

कडूबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी काही घाण बोललो.

"चूक न्हाई? रतनचं डोकं ह्या हातांनी बांधलंय म्या. तुमी मास्तर असून असं कसं इचारता? मारलं ते त्यानंच मारलं. म्या एवढंच म्हन्ते, पोटातनं घिऊन न्हाई आला तो. हितं दिलं त्याला. घरात दिलं, हिरीवर दिलं, चावडीवर दिलं. समद्यांनी वाढलं ताटात, आन् आता हात झटकून म्हनत्यात, जन्माचंच हुतं."

मुलीला रतनच्या माहेरी पोचवायचं होतं. माहेर श्रीगोंद्याच्या अलीकडे, दहा-बारा कोसांवर. गावात एकोणीस बैलगाड्या होत्या. एकानेही गाडी जुंपली नाही. कुणाची धुरा मोडली होती, कुणाचा बैल लंगडत होता. कडूबाई आणि तिचा मुलगा भीमा पायी निघाले. वाटेत ज्या वस्तीवर अंगावर पाजणारी बाई दिसेल तिथे कडूबाई विनवायची. काहींनी पाजलं, काहींनी मांगाच्या बाईच्या हातातलं मूल म्हणून नाही पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलीला रतनच्या आईच्या, रंगुबाईच्या, मांडीवर ठेवलं.

खटला नगरला चालला. कडूबाईला कुणी साक्षीला बोलावलं नाही. मला बोलावलं, पंचनाम्याचं अक्षर ओळखायला. वकिलांनी विचारलं, "हे तुमच्याच हातचं?" मी "होय" म्हणालो. तेवढंच विचारलं आणि मी तेवढंच सांगितलं. आणखी बोललो असतो तर कुणी अडवलं असतं की नाही, हे मला आज सांगता येणार नाही, कारण मी तोंड उघडलंच नाही.

ती मात्र आपल्या पायांनी नगरला आली होती. निकालाच्या दिवशी शिपाई गोरखला बेड्या घालून व्हरांड्यातून नेत होते. तो तिला बघून थांबला. शिपायांनीही दोन क्षण थांबू दिलं.

"कडूमावशे," तो म्हणाला, "तू हुतीस तवा. खरं सांग. माझ्यात जन्माचंच हाय का ते?"

मी चार हातांवर उभा होतो. मला वाटलं ती त्याला जवळ घेईल, रडेल. तिने तसं काही केलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "जन्मलास तवा तू रडलास, मुतलास, झोपलास. समद्यांवानी. ह्या नक्षत्राच्या आड लपू नगंस. तुज्या बापानं तुला जाळलं, आमी बघत ऱ्हायलो. पन रतननं तुजं काय केल्तं? ती तर तुज्यासाठीच भाकरी थापत हुती. मुसळ तू उचललंस."

 तो हळूच म्हणाला, "पोरगी?"

"हाय. तुला दाखवनार न्हाई."

शिपायांनी त्याला ओढून नेलं. जन्मठेप झाली होती. कोर्टाच्या फाटकाबाहेर श्रीमंत हलवायाच्या दुकानासमोर उभा राहून जिलेबी खात होता. बोटांवरून पाक ओघळत होता, तो चाटत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, घ्या. सुटलो बघा एकदाचे. जोशीबुवांचा शब्द खरा, पन आमी वाचलो." मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नुसतं पित्त पडलं.

कडूबाईने सुईणपण सोडलं नाही. ती पोर तिने वाचवली म्हणून गावाने दोन महिने तिला बोलावलं नाही, पण बायकांची पोटं गावाच्या रागापाशी थांबत नाहीत. फरक एवढाच झाला की मूल बाहेर आल्याची खूण म्हणून जी थाळी वाजवायची, ती कडूबाई आता आपल्या मर्जीने वाजवू लागली. कधी उशिरा, कधी आधी. बाहेर विष्णुपंत पंचांग उघडून बसलेले असायचे आणि तिने दिलेल्या वेळेवर कुंडली मांडायचे. हे तिने मलाच सांगितलं, सांगताना हसली मात्र नाही. "असल्या मानसाला खोटं सांगताना बी तोंड इटाळतं," म्हणाली.

वर्षातून एकदा ती श्रीगोंद्याकडे मुलीला बघून यायची. मुलीचं नाव अंबिका ठेवलं होतं. सत्तेचाळीसच्या सुरुवातीला ती जाऊन आली आणि परत आल्यावर शाळेच्या पायरीपासून दूर बसून तिने मला तिथली हकिकत सांगितली.

ती पोचली तेव्हा अंगणात रंगुबाई कपाळ धरून बसली होती. तीन वर्षांच्या अंबिकेने कोंबडीचं एक पिल्लू मुठीत आवळून मारलं होतं. मेलेलं पिल्लू तिच्या पायापाशी पडलेलं. शेजारणी जमल्या होत्या. रंगुबाई म्हणत होती, "बापावर गेली बया. रक्त कुठं जातंय? बापानं माझी रतन खाल्ली, आता ही घरात वाढतीय."

कडूबाईने शेजारणींना अंगणातून हाकललं. ती मांगीण, त्या कुणब्यांच्या बाया. पण तिचा आवाज ऐकून त्या खरंच हलल्या. मग ती रंगुबाईला म्हणाली, "पुन्यांदा ह्या पोरीसमोर हे बोललीस तर मी हिला उचलून मांगवाड्यात न्हेईन. मग बघ तुज्या घराशी सोयरीक कोन करतंय."

 कडूबाईने कोंबडी झाकायच्या डालीखालून दुसरं पिल्लू काढलं, कोंबडीने तिच्या मनगटावर टोच मारून रक्त काढलं. तिने अंबिकेला समोर बसवलं, पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून सैल केली.

"दाबायचं न्हाई. त्याच्या छातीत टिकटिक हुतीया, कळली का? ती बोटाला लागंल एवढंच धरायचं."

मुलगी बराच वेळ तशीच बसली होती म्हणे. पिल्लू तिच्या हातावर घाण करून बसलं, तरी तिने हात हलवला नाही.