बोदिलच्या नावावरचं गवत

चर्चच्या कबरस्तानातली खडी विलाद्स उलट्या पावली ओढतो. हातात दाताळं, चालणं मागे मागे. म्हणजे रेघा सरळ उमटतात आणि स्वतःचं पाऊल कुठे राहत नाही. ही शिस्त बोदिलची. कचेरीत बसून दफनाची नोंद ठेवणाऱ्या या बाईला खडीवर एक जरी पाऊल दिसलं, तरी खिडकी उघडायची. "विलाद्स, रात्री कोणी उठून फिरायला गेलं होतं का रे?" वीस वर्षं हे ऐकलेला हा कबरी खणणारा आता स्वतःच्या घरातूनही मागे सरकत बाहेर पडतो, असं गाव म्हणतं. डेन्मार्कमधल्या एवढ्याशा बेटावर दुसरं बोलायला असतं तरी काय?

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी खिडकी बंद होती आणि बोदिल टेबलावर होती. रक्षाकलशात. दोन वाजता विलाद्सनं तिला गवताखाली ठेवायचं होतं.

गवत म्हणजे चर्चमागचा निनावी तुकडा. तिथे दगड नाही, पाटी नाही. नातेवाइकांना बोलावत नाहीत, जागाही सांगत नाहीत. मेल्यावर कोणाला त्रास नको, असं म्हणणारे ही जागा मागतात. खाली दोनशे साठ जण, वर सगळं एकसारखं हिरवं. कोण कुठे आहे ते फक्त बोदिलच्या संगणकातल्या नकाशाला ठाऊक. कागदावरचा नकाशा तिनंच जाळला होता. एका विधवेनं त्यात डोकावून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गवतात फुलं खोचलेली सापडली, एवढ्यावरून.

आणि सोमवारी संगणकावर नवी प्रणाली चढली. नकाशा उघडत होता, पण चौकोन सगळे रिकामे. खाली एक ओळ : माहिती वाचता येत नाही. दोनशे साठ जण खरंच उठून फिरायला गेल्यासारखे.

बाहेर झेंडा निम्म्यावर होता. कलश पुरला की तो टोकाला चढवायचा, आणि ते अख्खं गाव आपापल्या स्वयंपाकघरातून बघणार. कडेला कुठेतरी खणून मोकळं होता आलं असतं. पण पहिल्याच वर्षी विलाद्सनं तसं केलं होतं. बोदिलला न विचारता. कुदळीखाली खट्ट आवाज झाला होता, मातीचं भांडं फुटल्याचा. बोदिल आली, गुडघ्यांवर बसली, सगळं नीट केलं, एक शब्द बोलली नाही. तो आवाज मात्र त्याला अजून ऐकू येतो. बटाटे खणताना तर हमखास.

त्यानं ओडेन्से शहरात, प्रोग्राम बनवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडे ग्री नावाची मुलगी होती.

"सगळे पुसले गेले का गं?"

"थांब, लगेच रडू नकोस. त्या फोल्डरचा आकार किती दिसतोय?"

त्यानं आकडा वाचला.

"मग सगळे आहेत आत. प्रोग्रामला दार उघडायची परवानगी नाही, एवढंच. मालक म्हणून कोणाचं नाव आहे बघ."

"नाव नाही. हातभर लांब आकडा आहे. आणि लिहिलंय, अज्ञात खातं."

"म्हणजे ज्याच्या नावानं हे सगळं ठेवलं होतं, त्याचं खातंच कोणीतरी काढलंय."

"बोदिलचं. ती वारली म्हणून मीच अर्ज भरला. त्याच दिवशी."

"वा! फारच तत्पर बाबा तू."

"शिस्त तिचीच."

"बरं, आता मालकी तुझ्या नावावर घे, मग वाचायची परवानगी दे. दोन बटणं आहेत. दाबलंस?"

विलाद्सचं बोट हवेत राहिलं. "तिच्या वस्तूला न विचारता हात लावायचा म्हणजे…"

"मग विचार की तिला!"

"विचारलं असतं. इथेच आहे, टेबलावर."

"विलाद्स, तू एकटाच आहेस ना तिथे?"

"तेच तर कळत नाहीये," तो म्हणाला, आणि कलशाकडे न बघता त्यानं बटण दाबलं. मग दुसरं.

चौकोन एकेक करत भरत गेले. नवव्या ओळीत चौथ्या चौकोनात तिनं स्वतःचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. फक्त तारीख रिकामी. शेजारच्या तिसऱ्या चौकोनात एक टीप होती, वीस वर्षांपूर्वीची. *कलश फुटला. नवा दिला. चूक माझी. बोदिल.*

ती त्या फुटलेल्या कलशाच्या शेजारीच जाऊन झोपणार होती.

विलाद्सनं भिंतीपासून टेप धरून तीनदा मापलं. कुदळ बाजूला ठेवून खुरप्यानं माती काढली, दर वेळी थांबून, कान देऊन. माती मऊ निघत गेली. कसलाही आवाज झाला नाही. बोदिल खाली गेली, गवताचा तुकडा परत बसला, आणि तीनला दहा कमी असताना झेंडा टोकाला चढला.

कचेरीत येऊन त्यानं तारीख भरली. मग तिसऱ्या चौकोनातलं 'माझी' पुसून 'विलाद्सची' लिहिलं. प्रोग्रामनं विचारलं, बदल जतन करायचा का? सवयीनं त्यानं टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. हो, म्हणाला.

मान वर केली तर काचेबाहेर खडीवर पावलांची रांग, थेट गवताकडे गेलेली. दोन्ही हातांत कलश धरून तो आज सरळ चालत गेला होता.

त्यानं उठून खिडकी उघडली.