पितळी टोकांची बाराबंदी

मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात माझ्या मुलीला युद्धावर निघालेल्या राजपुत्राची भूमिका मिळाली आणि त्याच्या आईची मला. आई त्याच्या बाराबंदीचे बंद बांधते, तोवर तो तिचा निरोप घेतो, असा प्रसंग होता. बाराबंदी मीच शिवली. पण मुलीचं शिक्षण सगळं इंग्रजीत. तालमीत ते निरोपाचं भाषण दर वेळी मध्येच तुटायचं.

त्यात बंदांची सुती टोकं विसकटायची आणि समोरच्या कापडी फाशांतून जाता जात नसत. दिग्दर्शक काका म्हणाले, "वेलक्रो लावा, खलास." भाषणही अर्धं कापू या, असं त्यांनी हळूच सुचवलं. मुलीने ते ऐकलं. परतताना अल् खुवैरच्या सिग्नलला ती म्हणाली, "आई, मला पूर्ण बोलायचंय."

जुन्या युरोपी पोशाखांच्या नाड्यांना धातूची नक्षीदार टोकं मी एका संग्रहालयात पाहिली होती. आपल्या बाराबंदीला तशी कधी होती का, ठाऊक नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून पातळ पितळी पत्रा आणला आणि विणायच्या सुईभोवती गुंडाळून टोकं केली. पहिली सगळी ओढताच निसटली. मग प्रत्येकाला भोक पाडून ती बंदावर शिवून टाकली. खिळ्याने वर पानांच्या शिरा कोरल्या.

आता बंद सरळ लोंबायचे, सरकन ओवले जायचे. घरी सराव करताना मुलीनेच युक्ती काढली. एक बंद बांधला की एक वाक्य.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. मधल्या एका बंदाशी ती थांबली. डोळे माझ्यावर खिळलेले. मी पुढचं पितळी टोक उचललं, फाशातून ओवलं आणि जरा ओढलं. तिने श्वास घेतला. पुढचं वाक्य आलं, मग त्याच्या पुढचं, आणि आवाज चढत गेला. शेवटची गाठ बसली तेव्हा संपूर्ण भाषण बोलून झालं होतं. टाळ्या थांबेनात. विंगेत काका डोळे पुसत होते.

कपडे बदलायला ती तयार होईना. तशीच आम्ही शावरमा खायला गेलो. शेजारच्या टेबलावरच्या ओमानी आजोबांनी तिच्या बंदांची पितळी टोकं निरखली, आपल्या पायघोळ झग्याच्या, डिशडाशाच्या गळ्याचा गोंडा दोन बोटांत धरून तिला दाखवला आणि म्हणाले, "जमील."

म्हणजे सुंदर. तिने मान ताठ करून सलाम केला, अगदी राजपुत्रासारखा.