अक्कांनी स्टोव्ह बंद केला

सेल्वीअक्कांनी मला त्या दिवशी सावरलं. मदुराईत आमच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानासमोर त्यांची चहाची टपरी आहे. मी शाळा अर्धवट सोडून इकडं आलेलो.

सकाळी गावाहून फोन आला, आईला ऑपरेशनला आत नेलंय. आमचे मालक गावचेच. म्हणाले, "अरे, होईल बरी. भट्टीकडं बघ." मी चहाला गेलो आणि अक्कांसमोर मराठीतच बोलत सुटलो. त्यांना मराठी अजिबात येत नाही. तरी त्यांनी फरफरणारा स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि माझ्याकडं बघत बसल्या. "अक्का, टी!" गिऱ्हाईक ओरडलं. त्यांनी नुसता हात वर केला. त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला. किती घाबरलो होतो मी!

माझं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अम्मा?" डोळे भरलेले.

दुपारी कळलं, आई शुद्धीवर आली. मी मात्र अजून त्याच नवलात आहे. शब्द न कळता माणूस एवढं कसं ऐकतं? मालकांना तर माझा शब्द न् शब्द कळत होता.

अक्का, मी तमिळ शिकतोय. तुम्हाला कधी मन मोकळं करावंसं वाटलं, तर समोर मी बसलेला असेन.