लवूच्या फ्लॅश मशीनचा कौल

सावर्ड्यात टी-शर्ट छापून देणाऱ्या लवूचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. मी वह्या-पेनं विकतो आणि उरलेला वेळ लवूकडे बघतो. माणूस हाडाचा कलाकार, पण काही ठरवायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. चहा घेऊ की नको, हेही तो दोघांना विचारून ठरवतो.

दोन रंगांचं चित्र छापायचं तर पहिला रंग वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. छापायचा लवू; वाळवायची त्याची बायको सगुणा, केसांचा ड्रायर एकेका शर्टावर धरून. आठ वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकापुढे मात्र लवू ऐटीत सांगणार, "आपल्याकडे सुकवायचं काम एकदम फास्ट!" जसा काही हाच फुंकर मारतो. अलीकडे सगुणावहिनी डाव्या हाताने केस विंचरतात, शटर माझ्याकडून ओढून घेतात. उजवा खांदा कामातून चाललाय, हे मला शेजारच्या दुकानात बसून कळलं होतं. लवूला नव्हतं. मला त्याचा रागच यायचा.

यंदा शिमग्यासाठी गावच्याच मंडळाने तीनशे शर्ट सांगितले, तेही तीन रंगांत. ड्रायरने भागणार नव्हतं. लवूने फ्लॅश मशीन घ्यायचं ठरवलं. त्याचं तापलेलं पॅनल शर्टावर काही सेकंद धरलं की रंग सुकतो. पण घ्यायचं कुठलं? एक स्वस्त, त्याचं पॅनल दर वेळी हाताने ओढायचं, हाताने ढकलायचं. दुसरं महाग, पायाने पेडल दाबलं की आपोआप फिरणारं. लवूने मुंबईच्या चुलतभावाला विचारलं, वायरमनला विचारलं. पोफळीला वीजघरात असलेल्या मेव्हण्यालाही विचारलं, जणू ह्याच्या मशीनपायी कोयनेचं पाणी आटणार होतं! मलाही विचारलं. मी म्हटलं, "घरात विचार." तर म्हणतो, "घरात काय कळतंय मशीनमधलं?" महिना असाच गेला.

शेवटी कौल. अडला माणूस आमच्याकडे तिथेच जातो. ग्रामदेवीच्या देवळात केरू गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवले. उजवा पडला तर पेडलचं, डावा पडला तर हाताचं. गाऱ्हाणं घालता घालता केरूदादा मध्येच थांबला.

"मशीनजवल उभा कोन ऱ्हानार?"

"दुकान माजा हाय, दादा."

"दुकान कुनाचा ता नाय इचारला. उभा कोन ऱ्हानार?"

लवू पुटपुटला, "बायको."

"तिला इचारलास?"

मंडळाची पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, उगाच कशाला खोटं बोला! केरूदादाने कळे काढून तबकात ठेवले.

"आदी तिला इचार. मग देवीला तरास दे."

सगुणावहिनी मागे खांबापाशीच उभ्या होत्या. "पायाचा घ्या," त्या म्हणाल्या. "माजा हात वर जाईत नाय. दिवालीपासना."

लवूचं तोंड एवढंसं झालं.

"मग इतकं दिवस बोल्लीस का नाय?"

"तुमी सगल्यांना इचारीत होतात," वहिनी म्हणाल्या. "म्हटला, माजा पन नंबर येल."