हळदीसाठी घेतलेली लेन्स

शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, तेवढं सांभाळून घ्यावं. पण शेजारी लग्नाची हळद भिजली की त्या वासानं मला वाशिमचं कॅमेऱ्याचं दुकान आठवतं. माझ्या पोरीनं जुना कॅमेरा घेतला होता. इंझोरी गावात एका हळदीत बायांना फोटो काढणारी बाईच हवी होती, म्हणून ते पहिलं काम तिला मिळालं. बचत गटातून कर्जानं उचललेल्या पैशात एकच लेन्स येणार होती. पोर लांबलचक लेन्स लावून रस्त्यापलीकडचं कबुतर पाहत होती. "माय, हेच घेऊ. लहानी पाहून लोकं हसतीन." दुकानात बोलायची मला लाज वाटे. तिची ओढणी ओढून हळूच म्हटलं, "नवरी काय दूर वावराच्या धुऱ्यावर बसते काय वं? हळद तर घरात लागते, एका बल्बात." दुकानदारानं ते ऐकलंच. हसत त्यानं दिवे बंद केले, कॅमेऱ्याला एक बुटकी, स्वस्त लेन्स लावली आणि म्हणाला, "काढा मायचा फोटो." मी पदर तोंडावर घेतला, तरी खटका पडलाच. फोटोत मागचं दुकान धूसर होतं आणि त्या अंधारातही माझे डोळे लख्ख. "माय, लय सुंदर दिसून राह्यली तू!" पोर ओरडली. आम्ही बुटकीच घेतली. इंझोरीचे फोटो पाहून तिला आणखी कामं आली, आणि काल गटाच्या बैठकीत मी स्वतः उठून शेवटचा हप्ता ठेवला, सगळे पैसे फिटले.