साडूंचा बिनमिरचीचा घेवडा

कोणत्या माणसाने काय करावं आणि काय करू नये याबद्दल माझे जे काही ठाम समज होते, ते सगळे माझ्या साडूंनी एका चिनी मातीच्या भांड्यात घातले, वर काचेचं झाकण ठेवलं आणि दिवसभर मंद आचेवर शिजवून त्यांचा लगदा केला. मी त्या धक्क्यातून अजून पुरता सावरलेलो नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. नंदुरबारला त्यांची मिरचीची पथारी आहे. ओल्या लाल मिरच्या बाजारातून घ्यायच्या, उघड्या जागेवर पसरून वाळवायच्या आणि मसालेवाल्यांना विकायच्या, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. हंगामात त्या रस्त्याने जाणारा नवखा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. साडू तिथेच खाट टाकून दुपारची झोप काढतात.

हा माणूस नुसती मिरची खात नसे, मिरचीवर जगत असे. सकाळी चहाच्या आधी भाकरी आणि ठेचा. लग्नाला जाताना सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेल्या वाळक्या मिरच्या, कारण दुसऱ्याच्या आचाऱ्यावर भरवसा नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी गुलाबजामला तोंडी लावायला हिरवी मिरची मागितली, तेव्हा आमच्याकडची शहाद्याची मंडळी घास हातात धरून बघत राहिली होती. मालाची पारख करायची त्यांची रीतही बाजारात प्रसिद्ध. मिरची मोडायची, तळहातावर चोळायची, हुंगायची, बोटाचं टोक जिभेला लावायचं आणि तोंडातून भाव बाहेर. त्या हातांना एक कायमची लाली चढलेली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. स्वयंपाकघरात मात्र ते पाणी प्यायलासुद्धा जात नसत. माठ ओट्यावर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर, मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवलेला असे.

आणि अशा माणसाच्या घरी मी मागच्या हिवाळ्यात गेलो, तर ते गॅसपुढे उभे राहून ब्राझीलचा घेवडा करत होते. मी आधी चुकीच्या घरात शिरलो की काय, असं वाटून दारावरची पाटी वाचून आलो.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आक्कांच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, गालात आतून गाठ निघाली होती. सुरतेला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक दिले. गाठ गेली, पण तोंड आतून असं सोलवटलं की साधं वरण लागलं तरी डोळ्यांना धार लागे. मिरचीचं तर नाव काढायची सोय नव्हती. पेज, मुगाची खिचडी, दूधभात, जे समोर ठेवावं ते आक्का बोटाने बाजूला सरकवायच्या. “बिमारनं जेवन माले नको,” एवढंच म्हणायच्या. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं की असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. आक्का नळीला तयार नव्हत्या आणि पेजेलाही. मी गेलो तेव्हा साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “नळी लागनी तं ती वाचाव नही.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरांचं ते बोलणं ऐकल्यापासून ते मोबाईलवर मिरची न घालणारे लोक शोधत बसले. असे लोक पृथ्वीवर आहेत, हाच त्यांना मोठा धक्का होता. शेवटी त्यांना ब्राझीलची एक आजी सापडली. पांढरा एप्रन बांधलेली ही बाई काळ्या घेवड्याचं घट्ट कालवण करायची, दिवसभर शिजवायची आणि हसत हसत सगळ्या कुटुंबाला वाढायची. तिचा एक शब्द साडूंना कळत नव्हता, पण ते आवाज मोठा करून ऐकायचे आणि मध्येच मान डोलवायचे. त्याच भेटीत मी सोबत बसून पाहिलं, तर आजी दाण्यांबरोबर भांड्यात आणखीही काही टाकत होती. ते डुकराचे पाय आणि कान होते. साडूंच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात माळ, अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. मी भीत भीत सांगितलं. साडू कितीतरी वेळ त्या आजीकडे दुखावलेल्या नजरेने बघत राहिले. मग म्हणाले, “तठे आपू वांगं टाकू.” तेव्हापासून त्यांच्या ब्राझीलच्या कालवणात निखाऱ्यावर भाजलेलं भरताचं वांगं पडू लागलं. धुराची चव येते, आणि आजीने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं ते चिनी मातीचं भांडं, साडूंच्या मुलीने सुरतेहून आणून दिला. दाणे आधी रात्रभर भिजवून पातेल्यात चांगले खळखळून उकळायचे, तसेच कच्चे कुकरमध्ये टाकायचे नाहीत, अशी तिची सक्त ताकीद होती. मग कांदा, लसूण, तमालपत्र आणि मीठ घालून झाकण लावायचं. लिलावात बाकीचे व्यापारी चष्मा पुसेपर्यंत सौदा उरकणारा हा माणूस त्या झाकणापुढे खुर्ची टाकून बसायचा. वीज जाईल म्हणून त्यांनी त्या भांड्यापुरता इन्व्हर्टर बसवला. पंखा बंद, दिवे बंद, पाहुणे पदराने आणि रुमालाने वारा घेताहेत, आणि कोपऱ्यात घेवडा निवांत शिजतोय, असा देखावा मी स्वतः पाहिला आहे. शेजारच्या काकूंनी एकदा वास घ्यायला झाकण उचललं, तर साडूंनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

पहिल्या दिवशीचा प्रसंग मी विसरणार नाही. आक्कांच्या जिभेला अख्खा दाणा टोचायचा, म्हणून साडूंनी त्यांच्या वाटीतला घेवडा बोटांनी कुस्करून लोण्यासारखा मऊ केला. “पुन्हा बिमारनं जेवन?” आक्कांनी विचारलं. “हाई बिमारनं नही शे, हाई ब्राझीलनं शे,” साडू म्हणाले. आक्कांना कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि दुसऱ्या क्षणी गाल दाबून धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. “तिखट लागी ऱ्हायनं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

आम्ही सगळे हबकलो. “एक बी मिरची टाकेल नही,” साडू पुन्हा पुन्हा सांगत होते. मी भांड्यातला घास खाल्ला, तिखटाचा मागमूस नाही. माझ्या बायकोने पळी हुंगली, पातेलं हुंगलं, मिठाचा डबा उपडा करून पाहिला. शेवटी आक्कांनीच साडूंचा हात धरून नाकाशी नेला आणि हलकेच खाली सोडला. “तुम्हना हातले शे,” त्या म्हणाल्या. हात साबणाने धुतलेला होता. पण जन्मभर मिरची चोळलेला हात एका साबणाला थोडाच दाद देतो. साडू स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिथून उठून अंगणात गेलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिरचीला हात लावणं सोडलं. नंदुरबारच्या बाजारात हे कळलं तेव्हा लोकांना आधी विश्वास बसेना. लिलावात साडू हात पाठीमागे बांधून उभे. मिरची मुनीमजी मोडणार, मुनीमजी हुंगणार, आणि हे नुसते डोळ्यांनी बघून भाव बोलणार. कधी नाइलाज झाला तर रबरी हातमोजे. “शेठ, ऑपरेशन करी ऱ्हायना का?” असं एका जुन्या दोस्ताने सगळ्यांसमोर विचारलं. साडू नुसते हसले. हात न लावता घेतलेला हलका माल गळ्यात पडला, तेही गिळलं. घरी दही, बेसन, तेल लावून सकाळ-संध्याकाळ हात घासणं चालू होतं. घरात ठेचा वाटणं बंद झालं, कारण आक्का एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे असं जेवण साडूंना नको होतं. एकदा ते आमच्याकडे शहाद्याला जेवायला आले. बायकोने सवयीने ताटात ठेचा वाढला, तर त्यांनी तो बोटाने बाजूला सरकवला. अगदी आक्कांसारखा.

लाली उतरली. हात एखाद्या कारकुनाचे असावेत तसे फिके दिसू लागले, आणि एक दिवस आक्कांनी वाटी संपवली. मग दीड वाटी. मग शनिवारी आम्हा सगळ्यांना बोलावणं येऊ लागलं, कारण आजी शनिवारी करते असं साडूंचं म्हणणं. आम्हाला सोबत मोसंबीच्या फोडी आणि भाजलेल्या ज्वारीच्या पिठाची भुरभुर मिळायची, आक्कांना त्यांची कुस्करलेली वाटी. खरं सांगतो, मला तो घेवडा मुळीच आवडत नसे. पण आक्का जेवताना बघायला मी शहाद्याहून जात असे. नळीचं नाव पुढे कोणी काढलं नाही.

यंदा मिरची पथारीवर आली तेव्हा आम्ही असेच गेलो होतो. आता हळूहळू सगळं खाऊन बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी साडू कुस्करायला बसण्याआधी नेहमीप्रमाणे नळाखाली बेसनाने हात घासू लागले. आक्का दाराशी पाटावर बसून बघत होत्या.

“आज हात धुवू नका,” त्या म्हणाल्या.

साडूंना कळेना. नळ तसाच वाहत राहिला.

“पथारीवर जा, मिरचीमा हात घाला, मंग या.”

साडू नळ बंद करून गेले. पथारी घरासमोरच, आम्ही ओट्यावरून बघत होतो. ते त्या लाल पसाऱ्याच्या कडेला उकिडवे बसले, हात कोपरापर्यंत आत घातले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. देठ खुडणाऱ्या बायाही काम थांबवून बघायला लागल्या. मग ते आले, पाण्याला न शिवता वाटी पुढे ओढली आणि घेवडा कुस्करला. आक्कांनी चमचा तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात गालावर गेला नाही.

“शे,” त्या म्हणाल्या. “थोडं शे.”

आणि त्यांनी दुसरा चमचा घेतला. साडूंनी त्याच वाटीतला एक घास खाल्ला आणि त्यांना असा ठसका लागला की माझ्या बायकोला पाणी घेऊन धावावं लागलं. एवढ्याशा तिखटाचीही त्यांची सवयच गेली होती. आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हसत राहिल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत साडूंनी हात धुतले नाहीत.